गावरान अंड्यात पाहावी चेतामूलपेशींची घडण: ग्रामीण महाविद्यालयांसाठी मार्गदर्शक

विदर्भातील तालुक्याच्या गावी प्राणिशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याला भ्रूणीय मूलपेशी हा विषय बहुधा पाठ्यपुस्तकातील एका आकृतीतूनच कळतो. या पेशी जोपासण्यासाठी निर्जंतुक कक्ष, कार्बन डायऑक्साइड नियंत्रित ठेवणारा इन्क्युबेटर आणि थंड साखळीत आणावी लागणारी महाग द्रव्ये लागतात, आणि ही सामग्री आपल्या बहुतेक महाविद्यालयांत नाही. तरीही भ्रूणाच्या अगदी सुरुवातीच्या पेशींपासून चेतासंस्थेच्या मूलपेशी (चेतामूलपेशी, ज्यांच्यापासून चेतापेशी आणि त्यांना आधार देणाऱ्या पेशी होतात) ज्या क्रमाने तयार होतात, तो क्रम कोंबडीच्या फलित अंड्यात पहिल्या दोन दिवसांत पूर्ण होतो आणि साध्या सूक्ष्मदर्शकाखाली तो दिसतो. मोठ्या प्रयोगशाळेतील काचपात्रात शास्त्रज्ञ जे घडवून आणतात, ते भ्रूणात चालणाऱ्या या घटनाक्रमाचेच अनुकरण असते. म्हणून या लेखात आधी अंडे आणि नंतर काचपात्र असा क्रम ठेवला आहे, आणि विद्यार्थ्यांनीही तो उलटा करू नये असे माझे मत आहे.

प्रयोगापूर्वी समजून घ्यायचे तत्त्व

सस्तन प्राण्यांत फलनानंतर काही दिवसांनी पेशींचा एक पोकळ गोळा तयार होतो आणि त्याच्या आत एका बाजूला पेशींचा लहानसा पुंजका असतो. या आतल्या पुंजक्यातील पेशी वेगळ्या काढून योग्य माध्यमात वाढवल्या, तर त्या दीर्घकाळ विभाजित होत राहतात आणि शरीरातील कोणत्याही ऊतीत रूपांतरित होण्याची क्षमता टिकवून धरतात. यांनाच भ्रूणीय मूलपेशी म्हणतात. उंदराच्या अशा पेशी १९८१ मध्ये केंब्रिजला मार्टिन इव्हान्स व मॅथ्यू कॉफमन यांनी आणि अमेरिकेत गेल मार्टिन यांनी स्वतंत्रपणे मिळवल्या, तर मानवी पेशी १९९८ मध्ये विस्कॉन्सिनच्या जेम्स थॉमसन यांनी मिळवल्या. आपल्या देशात बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात मनीषा इनामदार यांच्या गटाने बीजेएनहेम-१९ व बीजेएनहेम-२० हे मानवी भ्रूणीय मूलपेशींचे वाण तयार केले.

अशा सर्वक्षम पेशीपासून चेतामूलपेशी कशी होते, या प्रश्नाचे मूळ १९२४ मधील एका प्रयोगात आहे. जर्मनीत हान्स श्पेमान आणि त्यांची विद्यार्थिनी हिल्डे मांगोल्ड यांनी सॅलमँडरवर्गीय न्यूटच्या एका भ्रूणाच्या पृष्ठभागावरील लहानसा तुकडा काढून तो दुसऱ्या भ्रूणाच्या पोटाकडील बाजूस बसवला. तेथे जी त्वचा व्हायची तिच्याऐवजी दुसरी चेतानलिका (जिच्यापासून पुढे मेंदू व मेरुरज्जू होतात) आणि तिच्याभोवती जवळजवळ संपूर्ण दुसरे भ्रूण तयार झाले, आणि त्या नव्या चेतानलिकेतील बहुतांश पेशी यजमान भ्रूणाच्याच होत्या. मांगोल्ड यांचा त्याच वर्षी अपघातात मृत्यू झाला. श्पेमान यांना १९३५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. बसवलेला तो तुकडा शेजारच्या पेशींना नेमके काय सांगतो, हे कळायला मात्र जवळपास सत्तर वर्षे गेली.

१९९० च्या दशकात बेडकाच्या भ्रूणावरील कामातून नॉगिन, कॉर्डिन आणि फॉलिस्टॅटिन ही तीन प्रथिने पुढे आली. ही तिन्ही प्रथिने बीएमपी नावाच्या संदेशप्रथिनाला अडवतात, आणि बीएमपीचा संदेश बाह्यस्तरातील, म्हणजे भ्रूणाच्या सर्वांत बाहेरच्या थरातील, पेशीला त्वचा होण्यास सांगतो. बेडकाच्या बाह्यस्तरातील पेशी एकमेकींपासून सुट्या करून ठेवल्या, म्हणजेच त्यांच्यामधील हा संदेश विरळ केला, तर त्या बाहेरून काहीही न देता चेतापेशींच्या मार्गाला लागतात. या साऱ्यातून निघणारा निष्कर्ष फार महत्त्वाचा आहे: पेशीला चेतासंस्थेकडे नेण्यासाठी तिला दुसरीकडे नेणारे संदेश थांबवणे, हे कामाचा मोठा भाग आहे. मात्र हे संपूर्ण सत्य नाही, कारण कोंबडीच्या भ्रूणात केवळ बीएमपी अडवून भागत नाही; तेथे एफजीएफ नावाच्या वाढघटकाचा संदेश त्याआधीच मिळालेला असावा लागतो. पाठ्यपुस्तके हा दुसरा भाग बहुधा एका ओळीत उरकतात, पण पुढे काचपात्रातील कृती समजून घेताना तोच उपयोगी पडतो.

अंडी आणि हंगाम

दुकानातील पोल्ट्रीची पांढरी अंडी या कामाला चालत नाहीत, कारण त्या कोंबड्यांजवळ कोंबडा नसतो आणि अंडी फलित नसतात. गावात ज्या घरी कोंबड्यांबरोबर कोंबडा मोकळा फिरतो, तेथील गावरान अंडी घ्यावीत किंवा गिरिराज, वनराज यांसारख्या जातींची उबवणीची अंडी हॅचरीतून आणावीत. आठवडी बाजारातील अंड्यांत ताजी व शिळी यांची सरमिसळ असल्यामुळे ती टाळावीत. अंडे कोणत्या दिवशी घातले हे सांगू शकणाऱ्या घराकडूनच ते घ्यावे आणि तारीख पेन्सिलने कवचावर लिहावी. शाई कवचाच्या छिद्रांतून आत उतरू शकते.

आपल्याकडे या प्रयोगाचा खरा शत्रू उन्हाळा आहे. अंडे घातले जाते तेव्हा त्यातील भ्रूण आधीच हजारो पेशींची तबकडी झालेले असते आणि साधारण २० ते २१ अंश सेल्सिअसच्या खाली त्याची वाढ थांबून राहते. एप्रिल-मे महिन्यांत घरातले तापमानच ३५ अंशांच्या वर जाते, त्यामुळे ठेवलेल्या अंड्यात अर्धवट आणि वेडीवाकडी वाढ सुरू होते आणि भ्रूण मरते. आणि विद्यार्थ्याला वाटते की आपले तंत्र चुकले. म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ निवडावा. या दिवसांत अंडी १५ ते १८ अंशांना, म्हणजे रात्रीच्या गारव्यात आणि दिवसा माठाजवळच्या थंड कोपऱ्यात, ओल न लागू देता ठेवली तर आठवडाभर चांगली राहतात. फ्रिजमधील ४ अंशांची थंडी मात्र भ्रूणाला सोसत नाही.

सुरुवातीला न उबवलेली दोन-तीन अंडी वाटीत फोडून पाहावीत. अंडे फलित असेल तर पिवळ्या बलकावर तीन-चार मिलिमीटरचे गोल वलय दिसते, ज्याचा मधला भाग पारदर्शक आणि कडा पांढुरकी असते. अफलित अंड्यात त्याऐवजी लहान, भरीव, वेड्यावाकड्या कडेचा पांढरा ठिपका असतो. बहुतेक अंड्यांत ठिपकाच दिसला, तर त्या घरची अंडी घेण्यात अर्थ नाही.

उबवणी

थर्माकोलची पेटी, डिजिटल थर्मोस्टॅट, पाण्याची पसरट वाटी आणि जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब एवढ्या सामग्रीत काम होते. एलईडी बल्ब येथे उपयोगाचा नाही, कारण तो उष्णता फारशी देत नाही. २५ ते ४० वॉटचा तारेचा बल्ब शोधून आणावा. तापमान ३७.५ ते ३८ अंश ठेवावे आणि तापमापी अंड्यांच्या पातळीवर, बल्बपासून दूर ठेवावी. अंडी आडवी ठेवून वरच्या बाजूस पेन्सिलने खूण करावी, म्हणजे भ्रूण बलकाच्या माथ्यावर तरंगत त्या खुणेखाली येते. पहिल्या दोन दिवसांच्या या कामासाठी अंडी फिरवण्याची आवश्यकता नाही.

भारनियमन हे आपल्या गावांतील वास्तव आहे, म्हणून त्याची तयारी आधीच असावी. वीज गेल्यावर पेटी न उघडता तिच्यावर घोंगडी टाकावी आणि खंड लांबण्याची शक्यता असेल तर कोमट पाण्याच्या बाटल्या आत ठेवाव्यात. तास-दोन तासांच्या थंडीने वाढ मंदावते, भ्रूण सहसा मरत नाही. उलट तापमान ४० अंशांवर गेले तर नुकसान लवकर होते. म्हणून वीज परत आल्यावर पेटी झटपट तापवण्याचा मोह टाळावा. घरी खुडूक बसलेली कोंबडी असेल, तर तिच्याखाली खूण केलेली अंडी ठेवणे हा सर्वांत विश्वासार्ह मार्ग आहे, फक्त अंडी ठेवल्याची वेळ नोंदवून ठेवावी.

उबवणी सुरू करण्याच्या वेळा अशा आखाव्यात की अंडी उघडण्याचे काम महाविद्यालयाच्या वेळेत येईल. सकाळी अकराला ३३ तासांचे भ्रूण पाहायचे असेल, तर ते अंडे आदल्या दिवशी पहाटे दोनला पेटीत गेले पाहिजे. आणि २४ तासांचे हवे असेल तर आदल्या दिवशी सकाळी अकराला.

भ्रूण बाहेर काढणे

एक लिटर उकळून गाळलेल्या किंवा ऊर्ध्वपातित पाण्यात ७.२ ग्रॅम शुद्ध सोडियम क्लोराइड विरघळवून ते ३७ अंशांपर्यंत कोमट करावे. स्वयंपाकाचे आयोडीनयुक्त मीठ वापरू नये. काचेच्या पसरट भांड्यात हे द्रावण घेऊन अंडे त्याच्या अगदी जवळ धरून खालच्या बाजूने तडकवावे आणि बलक न फुटता द्रावणात उतरू द्यावा. भ्रूण वर आले नसेल तर ड्रॉपरच्या बोथट टोकाने बलक हळूच फिरवावा. भ्रूणावरील दाट पांढरा बलक मऊ टिश्यू कागदाने पुसून घेणे ही पायरी विद्यार्थी घाईत गाळतात, आणि पुढचे सगळे अपयश येथूनच येते. कारण पांढरा बलक राहिला तर कागदाची चकती पडद्याला चिकटत नाही.

गाळणकागदाचा सुमारे अडीच सेंटिमीटरचा तुकडा घेऊन त्याच्या मध्यभागी कार्यालयातील पंचिंग मशीनने शेजारी-शेजारी, एकमेकांवर किंचित चढलेली दोन छिद्रे पाडावीत, म्हणजे लांबट खिडकी तयार होते. ही चकती भ्रूण खिडकीच्या मधोमध येईल अशी बलकावर टेकवावी, काही क्षण थांबून ती ओली झाली की कडेने बारीक कात्रीने पडदा कापावा आणि चिमट्याने चकती तिरकी उचलावी. भ्रूण पडद्याच्या खालच्या बाजूस चिकटून वर येते. ते स्वच्छ कोमट द्रावणात हलकेच धुऊन, भ्रूणाची बाजू वर ठेवून, काचेच्या बशीत सूक्ष्मदर्शकाखाली न्यावे. विच्छेदन सूक्ष्मदर्शक नसेल तर साध्या सूक्ष्मदर्शकाचे सर्वांत कमी शक्तीचे भिंग पुरते. आकृती अंधूक वाटली तर न्यूट्रल रेड या रंगद्रव्याच्या अतिशय विरळ द्रावणाचा एखादा थेंब टाकावा.

कच्च्या अंड्यांतून साल्मोनेला जिवाणूंचा संसर्ग होऊ शकतो, म्हणून हात व भांडी साबणाने धुवावीत, उरलेले सर्व उकळून खोल पुरावे आणि प्रयोगाचे अंडे कोणीही खाऊ नये. भ्रूण ४८ तासांच्या पुढे वाढवू नये. या विषयासाठी त्याची गरज नाही. काम सुरू करण्यापूर्वी विभागप्रमुखांची आणि महाविद्यालयात प्राणी-नीतिशास्त्र समिती असेल तर तिची परवानगी घ्यावी.

कोणत्या तासाला काय पाहावे

साधारण १८ ते १९ तासांना पारदर्शक भागाच्या मध्यावर एक सरळ उभी रेषा दिसते, तिला आद्यरेषा म्हणतात. वरच्या थरातील पेशी या रेषेतून आत शिरून मध्यस्तर आणि अंतःस्तर तयार करतात. रेषेच्या पुढच्या टोकाला जी गाठ दिसते ती हेन्सेनची गाठ, आणि श्पेमान व मांगोल्ड यांनी न्यूटमध्ये उचललेल्या तुकड्याचे काम कोंबडीत हीच गाठ करते. या वेळी तिच्या पुढे व दोन्ही बाजूंना, वरच्या थरात राहिलेल्या पेशींचे भवितव्य ठरत असते. भिंगातून त्या पेशी शेजारच्या पेशींसारख्याच दिसतात, तरी त्यांच्यातील जनुकांचे कामकाज बदलू लागलेले असते.

१९ ते २२ तासांना गाठीच्या पुढे मध्यरेषेत पृष्ठरज्जूचा (नोटोकॉर्ड, पाठीकडील आधारदांडा) प्रारंभ दिसतो आणि त्याच्या वरचा थर जाड होऊन चेतापट्ट बनतो. चपट्या पेशी येथे उंच, स्तंभासारख्या होतात, म्हणून हा पट्टा कडेच्या भागापेक्षा गडद दिसतो. चेतामूलपेशींचा पहिला समूह कोठे आहे असे विचारले तर बोट या पट्ट्यावर ठेवावे. २३ ते २५ तासांना डोक्याची घडी उठते. २६ ते २९ तासांच्या सुमारास चार जोड्या कायखंड (मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना जोडीने दिसणारे मध्यस्तराचे ठोकळे) दिसतात आणि चेतापट्टाच्या उचललेल्या कडा भावी मध्यमेंदूच्या पातळीवर प्रथम एकमेकींना भिडतात. ३३ ते ३८ तासांना दहा जोड्या कायखंड, मेंदूचे तीन फुगवटे, बाजूंना डोळ्यांचे कोश आणि बहुधा धडधडू लागलेले हृदय दिसते. मागच्या टोकाला मात्र पट्ट अजून उघडाच असतो, त्यामुळे एकाच भ्रूणात चेतापट्ट, चेताघडी (पट्टाच्या उचललेल्या कडा) आणि बंद नलिका या तिन्ही अवस्था मागून पुढे ओळीने पाहता येतात. माझ्या मते ३३ तासांचे भ्रूण हेच या विषयाचे सर्वांत चांगले पाठ्यपुस्तक आहे आणि वेळ कमी असेल तर फक्त तेवढेच पाहावे.

हे तास हॅम्बर्गर आणि हॅमिल्टन यांनी १९५१ मध्ये मांडलेल्या अवस्थांनुसार आहेत. साठवलेल्या किंवा वीज गेल्याने थंड झालेल्या अंड्यांत ते पुढे सरकतात, म्हणून नोंदवहीत तासांबरोबर कायखंडांच्या जोड्या मोजून लिहाव्यात आणि अवस्था ठरवताना कायखंडांवरच विश्वास ठेवावा.

यानंतर कपाटातील ३३ किंवा ४८ तासांच्या भ्रूणाच्या आडव्या छेदाची तयार काचपट्टी काढावी आणि चेतानलिकेची भिंत सर्वाधिक शक्तीच्या भिंगाखाली पाहावी. भिंतीत केंद्रके अनेक पातळ्यांवर दिसत असली तरी प्रत्येक पेशी आतल्या पोकळीपासून बाहेरच्या कडेपर्यंत पोहोचलेली असते. विभाजन चालू असलेली, गुणसूत्रे स्पष्ट दिसणारी केंद्रके पोकळीच्या कडेलाच सापडतात. कारण पेशीचे केंद्रक डीएनएची प्रत तयार होताना बाहेर सरकते आणि विभाजनासाठी पुन्हा पोकळीकडे येते. सॉअर यांनी १९३५ मध्ये हे वर्णन केले. सुरुवातीला प्रत्येक विभाजनातून दोन मूलपेशीच होतात व साठा वाढतो. पुढे एक मूलपेशी आणि एक चेतापेशीच्या वाटेला लागलेली पेशी अशी विषम विभाजने सुरू होतात. याच मूलपेशी नंतर लांब तंतूंच्या अरीय ग्लायापेशी होतात आणि आधी चेतापेशी, मग आधार देणाऱ्या ग्लायापेशी निर्माण करतात.

कोंबडीच्या भ्रूणावरील या अभ्यासाची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. एडिंबरोला भ्रूणशास्त्रज्ञ कॉनरॅड वॉडिंग्टन यांच्याकडे शिकलेल्या लीला मुल्हेरकर यांनी पुणे विद्यापीठात भ्रूण शरीराबाहेर वाढवण्याचे तंत्र रुजवले आणि त्यावर विद्यार्थ्यांच्या पिढ्या घडवल्या.

काचपात्रातील तोच क्रम

आता प्रगत प्रयोगशाळेतील कृती वाचली तर प्रत्येक पायरीमागे अंड्यात पाहिलेले काहीतरी सापडते. मानवी मूलपेशी आधी त्यांची क्षमता टिकवणाऱ्या माध्यमात, प्रथिनांचा लेप दिलेल्या पात्रात ३७ अंश आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइडमध्ये वाढवतात. कडेने आपोआप रूप बदललेल्या पेशी असलेली वसाहत येथेच काढून टाकतात, कारण कच्चा माल अशुद्ध असेल तर पुढे काहीच सुधारत नाही. मग पेशी सुट्या करून दाट पेरतात. सुट्या मानवी पेशी सहज मरतात, म्हणून पहिला दिवसभर वाय-२७६३२ नावाचे संरक्षक रसायन देतात.

पात्राचा तळ पेशींनी पूर्ण झाकला गेला की तो शून्य दिवस मानून माध्यम बदलतात. नव्या माध्यमात दोन अडथळे घातलेले असतात: एक बीएमपीचा संदेश रोखणारा आणि दुसरा, एसबी-४३१५४२, मध्यस्तर व अंतःस्तराकडे नेणारा संदेश रोखणारा. न्यूयॉर्कच्या लॉरेन्झ स्टुडर यांच्या गटाने २००९ मध्ये ही जोडी मांडली तेव्हा पहिल्या अडथळ्यासाठी नॉगिन हेच प्रथिन वापरले होते. नंतर त्याच्या जागी एलडीएन-१९३१८९ हे स्वस्त रसायन आले. हेन्सेनची गाठ आपल्या शेजारी जे करते, त्याचा मोठा भाग ही दोन द्रव्ये पात्रात करतात. एफजीएफ बाहेरून बहुधा घालत नाहीत, कारण मानवी मूलपेशींचे आधीचे माध्यमच त्याने युक्त असते आणि पेशी स्वतःही ते निर्माण करतात.

माध्यम नियमित बदलत दहा-बारा दिवस गेले की ओसीटी-४ हे सर्वक्षमतेचे प्रथिन नाहीसे होते आणि चेतामूलपेशीची खूण असलेले पॅक्स-६ हे प्रथिन दिसू लागते. एसओएक्स-२ हे प्रथिन दोन्ही अवस्थांत असते, त्यामुळे केवळ त्याच्या आधारे पेशी चेतामूलपेशी झाली असा निर्णय कधीही देऊ नये. उंदराच्या पेशींत एसओएक्स-१ लवकर येते, तर मानवी पेशींत पॅक्स-६ आधी आणि एसओएक्स-१ नंतर. एकाचे निकष दुसऱ्याला लावल्यास चुकीचे निष्कर्ष निघतात. याच काळात पेशींना एकत्र धरणारे ई-कॅडहेरिन जाऊन एन-कॅडहेरिन येते, आणि हा बदल चेतापट्ट तयार होतानाही होतो.

पेशी लॅमिनिन या प्रथिनाच्या लेपावर पुन्हा पेरल्या की पुढील काही दिवसांत त्या मध्यबिंदूभोवती पाकळ्यांसारख्या रचतात. या रचनांना रोझेट म्हणतात. मधल्या पोकळीच्या कडेला विभाजन होत असते, म्हणजे छेदाच्या काचपट्टीत पाहिलेली चेतानलिकाच येथे तळावर पसरलेली आहे. रोझेट अलग करून एफजीएफ-२ असलेल्या माध्यमात, काही पद्धतींत ईजीएफ हा दुसरा वाढघटकही घालून, वाढवतात. या वाढघटकांत पेशी बराच काळ विभाजित होतात, परंतु सुरुवातीची लवचीकता हळूहळू कमी होते. म्हणून लवकरच्या पिढ्या गोठवून ठेवणे शहाणपणाचे. काही बाहेरून न दिल्यास मिळणाऱ्या पेशी साधारणतः अग्रमेंदूच्या स्वभावाच्या असतात. मेरुरज्जूच्या हव्या असतील तर रेटिनॉइक आम्ल आणि सॉनिक हेजहॉग हे संदेश योग्य वेळी द्यावे लागतात. सॉनिक हेजहॉग भ्रूणात पृष्ठरज्जूकडून येतो. शेवटची परीक्षा वाढघटक काढून घेण्याची असते: त्याच पेशींपासून चेतापेशी आणि ग्लायापेशी दोन्ही मिळाल्या, तरच त्यांना चेतामूलपेशी म्हणावे.

भारतात हे काम भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांखाली चालते. मानवी भ्रूण १४ दिवसांपलीकडे किंवा आद्यरेषा दिसू लागल्यानंतर वाढवण्यास त्यांत मनाई आहे.

गावातून येणारे दोन प्रश्न

हे प्रयोग दाखवताना पालक विचारतात की बाळाच्या पाठीवरील जन्मजात गाठ याच नलिकेशी संबंधित आहे का. मेरुरज्जूवरील आवरण उघडे राहण्याचा दोष असेल तर होय: मानवी चेतानलिका फलनानंतर सुमारे २८ दिवसांत बंद होते आणि तोपर्यंत अनेक स्त्रियांना गर्भधारणा झाल्याचे कळलेलेही नसते. म्हणून रोजचे ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल गर्भधारणेच्या किमान एक महिना आधीपासून सुरू असावे लागते; पाळी चुकल्यावर सुरू केलेली गोळी या दोषासाठी बहुधा उशिराची ठरते. आशाताईंनी नवविवाहित जोडप्यांना हे आधीच सांगावे आणि आधी असे बाळ झाले असेल तर मात्रा डॉक्टरांनी ठरवावी.

दुसरा प्रश्न मूलपेशींच्या उपचारांचा असतो. मेंदूच्या पक्षाघाताने किंवा स्वमग्नतेने त्रस्त मुलांच्या पालकांना शहरांतील काही दवाखाने लाखो रुपये घेऊन मूलपेशींची इंजेक्शने देऊ करतात, आणि शेत गहाण ठेवून तो खर्च करण्याचा विचार करणारी कुटुंबे पाहून फार वाईट वाटते. वरील मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या ठराविक विकारांसाठीचे रक्तमूलपेशी प्रत्यारोपण सोडले, तर मूलपेशींचा कोणताही उपचार मंजूर वैद्यकीय चाचणीबाहेर देता येत नाही. अशा दवाखान्याकडे भारताच्या चिकित्सालयीन चाचणी नोंदणीचा क्रमांक आणि नीतिशास्त्र समितीच्या मंजुरीचे पत्र मागावे, तो क्रमांक नोंदणीच्या संकेतस्थळावर तपासून घ्यावा, आणि चाचणीतील उपचारासाठी पैसे मागितले जात असतील तर सही न करता आधी जिल्हा रुग्णालयातील किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांना ती कागदपत्रे दाखवावीत.